सामान्य वाचक, मुक्काम पोस्ट देवगाव रंगारी

पोस्टकार्ड आलं तेव्हा मल्हारराव बनगर यांची दाढी निम्मीच झाली होती. सकाळचे अकरा ही काही दाढीची वेळ नव्हे, पण ते आठवडाभर रजेवर होते, आणि रजेवरच्या माणसाने घड्याळाचं का म्हणून ऐकावं? डाव्या गालावर साबण, उजवा गुळगुळीत, अशा थाटात त्यांनी औरंगाबादेत खोकडपुऱ्यातल्या आपल्या दोन खोल्यांचं दार उघडलं आणि पोस्टमनने पुढे केलेलं कार्ड ओल्या बोटांनी धरलं. त्यांच्या नावाने येऊन येऊन काय येणार, तर लग्नपत्रिका, नाहीतर विम्याचं स्मरणपत्र. हे वेगळंच निघालं. अक्षर शाळकरी मुलीचं, वळणदार, आणि मजकूर असा: 'श्री. म. पु. बनगर यांस मुंजाबा मिसाळ, मु. पो. देवगाव रंगारी, याचा रामराम. आपले पुस्तक नातीने पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचून दाखवले. सातव्या धड्यात चूक आहे. कार्डात मावणार नाही. गुरुवारी छावणीच्या बाजाराला मेंढे घेऊन येत आहे. बाजार उरकला की घरी येतो. समक्ष बोलू. जेवण करू नये, चहा चालेल.' मल्हाररावांनी ते उभ्या उभ्या दोनदा वाचलं. तिसऱ्यांदा वाचताना हनुवटीवरून साबणाचा थेंब नेमका 'चूक' या शब्दावर पडला आणि शाई पसरून ती चूक चांगली रुपयाएवढी झाली. आता पाहा, सहा वर्षं हा माणूस वाचकाच्या पत्राची वाट पाहत होता. पुस्तक निघालं त्या साली तर ऑफिसातून आल्यावर चपला काढायच्या आधी बायकोला, मंजुळाबाईंना, विचारायचे, 'काही टपाल?' बायको म्हणायची, 'कुणाचं?' आणि आज ते टपाल आलं, तर ते कार्ड पालथं घालून पलंगावर मटकन बसले. उरलेली निम्मी दाढी थेट संध्याकाळी झाली, मंजुळाबाई ओरडल्या तेव्हा.

कारण सातव्या प्रकरणात चूक आहे हे मल्हाररावांना माहीत होतं. नेमकी कुठली, हे माहीत नव्हतं, आणि तीच तर खरी पंचाईत होती. पुस्तकाचं नाव 'आकाशाची मोजणी'. सूर्य, ग्रह, प्रकाशाचा वेग, ताऱ्याचा जन्म, ताऱ्याचं मरण, आकाशगंगा, ही पहिली सहा प्रकरणं त्यांनी इंग्रजी पुस्तकं वाचवाचून, शब्दकोश फाटेपर्यंत चाळून, स्वतःला पटल्यावरच लिहिली होती. त्यांबद्दल कुणीही, कुठेही, झोपेतून उठवून विचारावं. सातवं मात्र 'पसरणारे विश्व'. तिथे गाडी रुतली. इंग्रजी पुस्तकात एक वाक्य होतं की दीर्घिका, म्हणजे ताऱ्यांचे ते प्रचंड समूह, एकमेकींपासून दूर जातात खऱ्या, पण त्या पळत नाहीत. त्यांच्या मधली जागाच वाढते. मधली जागा वाढते म्हणजे काय? मल्हारराव मोजणी खात्यात वीस वर्षं नोकरी केलेला माणूस. दर आठवड्याला त्यांच्या टेबलापुढे कुणीतरी टोपी हातात घेऊन उभा राहतो आणि म्हणतो, 'साहेब, माझी जमीन घटली.' त्याला खात्याचं एकच उत्तर ठरलेलं: जमीन घटत नाही, जमीन वाढत नाही, बांध सरकतो. हे उत्तर त्यांनी गंगापूरच्या लोकांना दिलं, वैजापूरच्या लोकांना दिलं, एकदा तर सख्ख्या मेहुण्याला दिलं. असा माणूस, कुणीही न सरकता मधली जागा वाढते, हे कुठल्या तोंडाने लिहिणार? त्यांनी महिनाभर त्या वाक्याशी झटापट केली आणि शेवटी ते गाळलं. त्या जागी लिहिलं: 'दीर्घिका वेगाने दूर पळत आहेत, हे आता सर्वज्ञातच आहे.' छापील मराठीत जिथे जिथे 'सर्वज्ञातच आहे' दिसतं, तिथे तिथे लेखकाला घाम फुटलेला असतो, हे त्यांना त्या दिवशी समजलं. हजार प्रती निघाल्या, बहुतेक गावोगावच्या वाचनालयांत गेल्या, आणि कुणी हूं की चूं केलं नाही. आता सहा वर्षांनी दुसरी आवृत्ती निघत होती. तिची प्रुफं टेबलावर पडली होती, शुक्रवारी सकाळी प्रकाशकाला द्यायची होती, त्याचसाठी तर रजा. आणि शुक्रवारच्या आदल्या दिवशी मुंजाबा मिसाळ येणार होता. एकदा छापलेली लबाडी चुकून झाली म्हणता येते, दुसऱ्यांदा छापली की ती आपली होते, असं काहीतरी त्यांच्या मनात घोळत राहिलं आणि चहा गार झाला.

प्रकाशक नानासाहेब म्हणजे औरंगपुऱ्यातली एक वल्ली. गाईडं आणि पंचांगं छापून गब्बर झालेला हा गृहस्थ एके दिवशी म्हणाला, 'बनगरसाहेब, तुम्ही आभाळाबद्दल लई बोलता. लिहा की एक पुस्तक. पण सामान्य वाचकाला समजंल असं.' सामान्य वाचक हा शब्द मल्हाररावांनी तेव्हा पहिल्यांदा ऐकला आणि मग तो त्यांच्या मानगुटीवरच बसला. कोण असतो हा? रॉकेलच्या रांगेत उभं राहिलं की पुढच्या माणसाची मान पाहून ते विचार करायचे, हा असेल का? गुलमंडीवर सायकल हातात धरून चालताना, शहागंजच्या घड्याळाखाली बस शोधताना, ऑफिसात टोपी हातात घेतलेल्या माणसाला परत पाठवताना त्यांच्या मनात तोच: ह्याला प्रकाशवर्ष कसं सांगायचं? नानासाहेबांचा दंडक असा की प्रत्येक प्रकरणात एक घरगुती दाखला पाहिजेच पाहिजे. इंग्रजी पुस्तकात विश्वाच्या पसरण्याला मनुके घातलेल्या पावाचा दाखला होता. पाव भट्टीत फुगतो तसे मनुके लांब जातात. मल्हाररावांनी तो भक्तिभावाने उतरवून नेला. नानासाहेबांनी कागद बाजूला सारला. 'पाव कोण खातो हो आपल्याकडं? आजारी माणूस. आन् मनुके घातलेला पाव तर मी बी नाय बघितला. तुमचा वाचक म्हणंल, विश्वाला काय ताप आलाय का?' मल्हाररावांनी मग घरी येऊन, टाक दाताखाली धरून, पावाच्या जागी मेंढरं घातली. पंधरा मिनिटांचं काम. सगळ्या पुस्तकात एवढं सोपं दुसरं काही गेलं नव्हतं. 'समजा, माळावर हजार मेंढरे चरत आहेत. अचानक लांडगा येतो. मेंढरे दाही दिशांना पळत सुटतात. प्रत्येक मेंढराला वाटते की इतर सर्व मेंढरे आपल्यापासूनच दूर जात आहेत. दीर्घिकांचेही तसेच.' नानासाहेब खूश. म्हणाले, 'हे कसं, डोळ्यांपुढं उभं राहतं.' त्या दाखल्याकडे मल्हाररावांनी नंतर कधी वळूनही पाहिलं नाही.

मेंढरं त्यांना सोपी जाणारच. पण हे सांगायचं कुणाला? पुस्तकाच्या मागच्या पानावर लेखकाचा परिचय होता, त्यात एक वाक्य होतं: 'लेखकाचे बालपण निसर्गाच्या सान्निध्यात गेले.' आहाहा. निसर्गाचं सान्निध्य म्हणजे वैजापूरच्या पलीकडच्या माळावर बापाच्या मेंढरांमागे अनवाणी पायांनी हिंडणं, हे त्या वाक्यातून ओळखून दाखवणाऱ्याला मल्हाररावांनी मानलं असतं. त्यांनी काही लपवलं होतं असंही नाही. ऑफिसात कुणी विचारलं नाही, यांनी सांगितलं नाही, वीस वर्षं अशीच गेली. बापाचं नाव पुंजाराम. मुखपृष्ठावर 'मल्हार पुंजाराम' लिहावं की काय, असं एकदा त्यांच्या मनात आलं होतं. पण आकाशगंगेच्या चित्राखाली पुंजाराम बरा दिसेना. म्हणून म. पु. रझाकारांच्या धामधुमीत पुंजाराम कळप घेऊन नदीच्या काठाकाठाने आडबाजूलाच राहिला होता, आणि पोलीस ॲक्शन होऊन निजामाचं राज्य गेल्याची बातमी त्याला आठ दिवसांनी एका मेंढ्याच्या गिऱ्हाइकाकडून कळली. सात वर्षांचा मल्हारी तेव्हा बरोबर होता. पुढे औरंगाबादला बोर्डिंग निघालं, कुणीतरी सांगितलं, पोरगं हुशार आहे, पाठवा. पुंजारामाने पोराला शहराच्या वेशीपर्यंत चालत आणलं आणि जाताना त्याच्या डोक्यावर हात ठेवला. त्या हाताला लोकरीच्या तेलकटाचा वास होता. बोर्डिंगात पहिल्याच दिवशी साबणाची वडी मिळाली आणि शेजारच्या खाटेवरचा मुलगा म्हणाला, 'तू आधी अंघोळ कर.' मल्हारीने त्या दिवशी तीनदा अंघोळ केली. अजूनही दाढीच्या साबणाचा वास आला की त्यांना ती वडी आठवते, आणि वडी आठवली की तो हात आठवतो, आणि मग ते घाईघाईने दुसरा काहीतरी विचार करतात, बहुधा शनीच्या कड्यांचा.

मंगळवारी त्यांनी सातवं प्रकरण अकरा वेळा वाचलं. आकडे ताडून पाहिले. अंतरं, वेग, लांबून येणारा प्रकाश तांबडा का होतो त्याचा उतारा, सगळं इंग्रजी पुस्तकाशी लावून पाहिलं. बरोबर होतं. मग चूक कुठली? तीच. गाळलेली. पण देवगाव रंगारीच्या मेंढपाळाला गाळलेलं वाक्य कळलं कसं? न छापलेलं त्याने वाचलं कसं? बुधवारपर्यंत मल्हाररावांच्या डोक्यातला मुंजाबा मिसाळ मेंढपाळ उरलाच नव्हता. तो कुणी निवृत्त प्राध्यापक झाला होता, मुंबईहून येऊन देवगावात शेती करणारा, मेंढे नुसते हौसेखातर पाळणारा. नातीच्या अक्षरात कार्ड लिहून पाठवणं ही त्याची खोड. मल्हारराव क्रांती चौकापर्यंत पायी गेले आणि वाटेत त्याच्याशी वाद घालत गेले. 'आपला मुद्दा रास्त आहे,' असं ते भर रस्त्यात मोठ्यांदा म्हणाले, तेव्हा समोरून येणारा टांगेवाला म्हणाला, 'क्या रास्त है मियाँ? बाजू हटो.' घरी येऊन त्यांनी आरशापुढे तीन उत्तरं बसवली. एक नम्र, एक विद्वत्तेचं, आणि तिसरं, विषय बदलण्याचं. मंजुळाबाई दारात बसून विणत होत्या. हिवाळ्याच्या तोंडावर घेतलेला तांबडा स्वेटर, पाठीचा भाग जवळजवळ झालेला. त्या आत न बघता म्हणाल्या, 'अहो, एवढं काय आरशाशी भांडताय? येऊ द्या की त्या माणसाला. पुस्तक तुम्हीच लिहिलंय ना?'

'लिहिलंय म्हणजे... हो.'

'मग तुम्हाला माहीत असणारच,' असं म्हणून त्यांनी सुई बदलली. बायकोचा असा आंधळा विश्वास म्हणजे नवऱ्याच्या जिवाला घोर. या बाईने पुस्तक कधी उघडलं नव्हतं, पण पाहुण्यांना ते दाखवताना पदराने पुसून दाखवायची. तिला सांगावं का? सहा वर्षं सांगितलं नाही. रात्री जेवताना 'अगं' म्हणून त्यांनी सुरुवातही केली. मंजुळाबाईंनी 'काय?' म्हणून वर पाहिलं आणि मल्हारराव म्हणाले, 'भाजीत मीठ बरोबर आहे.' भाजीत मीठ घालायचं राहूनच गेलं होतं. पैठणला निघून जावं, दाराला कुलूप लावावं, आजारी पडावं, असे तीन बेत त्यांनी केले आणि तिन्हींत मंजुळाबाईंना सामील करून घ्यावं लागतं असं ध्यानात आल्यावर सोडून दिले. गुरुवारी सकाळी त्यांनी दोन्ही गालांची दाढी केली, इस्त्रीचा सदरा घातला आणि खुर्ची दाराकडे तोंड करून ठेवली, मग ती वळवून खिडकीकडे केली, मग परत दाराकडे.

चार वाजता दारात काठी वाजली. काळी घोंगडी, लाल पागोटं, पायांत टायरच्या चपला, काखेत वर्तमानपत्रात गुंडाळलेलं पुस्तक. प्राध्यापक नव्हताच. साठीपलीकडचा, ताडमाड, वाळक्या शेंगेसारखा म्हातारा, आणि तो उंबऱ्यात उभा राहिला तसा त्याच्या अंगावरचा वास आधी आत आला. मल्हाररावांच्या नाकाने तो वास ओळखला आणि त्यांचं डोकं मात्र अजून तांबड्या प्रकाशातच अडकलेलं होतं.

'बनगर साहेब आपणच का?' म्हाताऱ्याने विचारलं.

'हो. या ना. बसा खुर्चीवर.'

'खुर्ची नगं. खुर्चीत माझं बोलणं अडकतं.' तो भिंतीला पाठ लावून जमिनीवर बसला. मल्हारराव क्षणभर खुर्चीजवळ घुटमळले आणि खाली बसले. मंजुळाबाईंनी विणकाम खाटेवर टाकलं, चहा ठेवला आणि ताटलीत भाजलेले शेंगदाणे आणून दिले. म्हाताऱ्याने पुस्तक उलगडलं. वाचनालयाचा शिक्का, आत सातव्या प्रकरणापाशी बाभळीचा काटा खूण म्हणून.

'तुमचं पुस्तक लई झाक हाये,' मुंजाबा म्हणाला. 'पंधरा दिस रोज सांजच्याला नातीनं वाचलं. सूर्य केवढा, ती चांदणी कवा मरती, समदं आयकलं. माझ्या बापाला नुसत्या चांदण्यांवरून वाट गवसायची, पर त्या जळत्यात हे त्येला ठावं नव्हतं. मला ठावं झालं. पर साहेब, ह्या धड्यात...' त्याने काटा उचलला.

'आपला मुद्दा रास्त आहे,' मल्हारराव घाईघाईने म्हणाले. नम्र उत्तर सुरू झालं होतं. 'म्हणजे पाहा, त्या इंग्रजी ग्रंथात...'

'मेंढरं चुकली.'

'काय?'

'मेंढरं. मेंढरं आशी पळत नायती.'

मल्हाररावांना वाटलं आपण नीट ऐकलं नाही. पण म्हातारा त्यांच्याकडे दुःखाने पाहत होता, हात बिघडलेल्या सुताराने केलेल्या पाटाकडे पाहावं तसा. 'लांडगा आला तं मेंढरं येक व्हत्यात, साहेब. दाही दिशेला कवाच जात नायती. येकमेकाच्या पोटाखाली मुंडकी घालत्यात आन् आशी गच्च व्हत्यात की काठी घातली तं काठी जायची नाय. शेरडं पळत्यात. कोंबड्या पळत्यात. माणसं तं पळत्यातच. मेंढरू नाय. हे कुण्या पोरालाबी इचारा. नात वाचता वाचता हासाया लागली, म्हनली, बाबा, ह्या साहेबांनी मेंढरू बघितलंच नाय.' तो थांबला, चहाची बशी खाली ठेवली. 'मला आभाळातलं काय कळतंय? तुमी लिवलं ते मी खरं धरलं. पर मला जे कळतंय तेच जर खोटं निघालं, तं बाकीचं खरं कशावरून धरावं? सूर्य तेवढाच हाये का? चांदणी मरती का? ह्याच इचारानं मला चार दिस झोप नाय. म्हनून आलो.'

मल्हाररावांनी आरशापुढे बसवलेली तिन्ही उत्तरं भलत्याच प्रश्नाची निघाली. आणि त्यांच्या डोळ्यांपुढे, इतकी वर्षं शनीच्या कड्यांनी झाकून ठेवलेला तो माळ उघडा पडला. टळटळीत दुपार. पुंजाराम पाणी बघायला ओढ्यात उतरलेला. निवडुंगाआडून करड्या रंगाचं काहीतरी निघालं आणि कळप एकदम आत आत दाटला, आणि मधोमध सात वर्षांचा मल्हारी. चारी बाजूंनी गरम लोकर, पोटाला पोट, मांडीला शिंग. पडायलाही जागा नव्हती. मेंढरांनी त्याला उभं धरून ठेवलं होतं. बापाची आरोळी ऐकू येईपर्यंत तो त्या दाटीत उभा होता, आणि त्याला, आता आठवलं, भीती वाटलीच नव्हती. एवढं अंगाने कळलेलं माणूस विसरतो? आणि विसरून वर पुस्तकात छापतो? इंग्रजी पुस्तकातलं एकेक वाक्य ज्याने चारदा ताडून पाहिलं, त्याने हे एक कुणाकडे ताडलं नाही, कारण हे तर आपलंच. मल्हाररावांना अतोनात लाज वाटली. ती विश्वाबद्दल नव्हती.

'व्हय,' ते म्हणाले. हो म्हणायला गेले होते, व्हय निघालं. 'चुकलंच. व्हतात येक. मीच बघितलंय.'

मुंजाबाने डोळे बारीक केले. 'बनगर म्हंजी... आपल्यातलेच का?'

'व्हय.'

'कुठले?'

'वैजापूरच्या पल्याडचे. बाप मेंढरं राखायचा.'

'आरं मंग!' म्हातारा इतक्या जोरात म्हणाला की मंजुळाबाई चुलीकडून बाहेर आल्या. 'मंग आसं कसं लिवलंस लेका?' साहेब गेला होता, तुमी गेलं होतं, आणि मल्हाररावांना त्याने बरंच वाटलं. म्हणजे सगळं सांगून टाकायला हरकत नव्हती. त्यांनी सांगितलं. मोजणी कचेरीचं सांगितलं, पावाचं सांगितलं, मनुक्यांचं सांगितलं. आणि बायको ऐकत असताना, मान खाली घालून, ते गाळलेलं वाक्यही सांगितलं: खरं म्हणजे कुणी पळतच नाही, मधली जागा वाढते असं लिहिलेलं होतं, ते मला कळलं नाही, अजून कळलेलं नाही, म्हणून मेंढरं पळवली. मंजुळाबाई म्हणाल्या, 'अगंबाई.' एवढंच.

मुंजाबा मात्र उजळला. 'आसं हाये व्हय? पळत नायती? मंग मेंढरं बरोबर हायेत की! त्येंनी काय चुकी नाय केली. ती हुबीच हायेत. आन् तरीबी लांब गेली म्हंजी...' त्याने डोकं खाजवलं. 'म्हंजी माळच वाढला आसंल.'

'जमीन वाढत नाही,' मल्हारराव ताबडतोब म्हणाले. वीस वर्षांची सवय.

'तुमच्या कचेरीतली नाय वाढत. आभाळातली वाढत आसंल. थांब.' त्याने खांद्यावरची घोंगडी जमिनीवर अंथरली, ताटलीतले मूठभर शेंगदाणे तिच्यावर अंतरा-अंतराने मांडले. 'ही मेंढरं. धर ते टोक. वढ.' दोघांनी ओढलं. घोंगडी ढिम्म. 'नाय ताणायची,' मुंजाबा वैतागून म्हणाला, 'हिला चिंचोक्याची खळ दिलीया.' मग त्याची नजर खाटेवर गेली. तिथे तो तांबडा स्वेटर. मंजुळाबाईंना कळायच्या आत म्हाताऱ्याने तो उचलून पसरला, सुई एका बाजूला लोंबत, आणि शेंगदाणे वर ठेवले.

'अहो बाबा, टाके! टाके सुटतील माझे!'

'सूनबाई, थोडकंच वढतो. धर रं. हळू.'

मल्हाररावांनी दोन टोकं धरली, म्हाताऱ्याने दोन. विणकाम ताणलं गेलं. मधलं प्रत्येक घर मोठं होत गेलं, आणि शेंगदाणे, एकही न घरंगळता, आपापल्या टाक्यावर बसल्या जागी बसलेले, एकमेकांपासून लांब गेले. ह्या दाण्यापासून बघा, बाकीचे लांब. त्या दाण्यापासून बघा, तरी लांब. मधला कुणीच नाही. पळालं कुणीच नाही. मल्हारराव बघत राहिले. त्यांनी हात सैल सोडला, दाणे जवळ आले. ताणला, लांब गेले. पुन्हा सोडला. पुन्हा ताणला. सहा वर्षं. इंग्रजी वाक्य, महिनाभराची झटापट, शब्दकोश, घाम, आणि उत्तर घरात खाटेवर पडलेलं, उलट्या-सुलट्या टाक्यांचं. त्यांना हसू यायला लागलं. आधी नाकातून, मग खांदे हलायला लागले, मग शेंगदाणे उडायला लागले. मुंजाबाही हसला. मंजुळाबाईंनी त्या दोघांच्या हातातून स्वेटर ओढून घेतला आणि पोटाशी धरला.

मल्हारराव टेबलावरून प्रुफं घेऊन पुन्हा जमिनीवर बसले. 'सर्वज्ञातच आहे' वर त्यांनी आधी रेघ मारली, चांगली जाड, आणि गाळलेलं वाक्य समासात घातलं. मग मेंढरांवर रेघ मारायला गेले तसं मुंजाबाने मनगट धरलं. 'त्येंला काढू नगं. नुसतं पळवू नगं.' मल्हाररावांनी लिहिलं आणि वाचून दाखवलं: 'समजा, माळावर हजार मेंढरे उभी आहेत. एकही पळत नाही. माळच ताणला जात आहे.' मुंजाबाने मान डोलावली. आणखी एकदा वाचायला लावलं. मग मल्हाररावांनी मागचं पान उघडलं, निसर्गाच्या सान्निध्याकडे जरा वेळ पाहिलं, आणि त्या जागी लिहिलं: 'लेखकाचे बालपण मेंढरांमागे गेले. तरीही पहिल्या आवृत्तीत मेंढरांविषयी घोर चूक राहिली. ती देवगाव रंगारीचे मुंजाबा मिसाळ यांनी घरी येऊन दुरुस्त केली.'

'माझं नाव कशाला?' मुंजाबा म्हणाला, पण ते अक्षर बोटाने चाचपून बघितलं. मग त्याचं बोट वर सरकलं, लेखकाच्या नावापाशी थांबलं. नातीने एवढं तरी वाचायला शिकवलं असावं. 'हे म. म्हंजी मल्हारी आसणार. आन् हे पु.?'

'पुंजाराम. माझा बाप.'

'मंग पुरं लिव्ह की. शाई सरली का?'

मल्हाररावांनी टाक बुडवला. पुरं लिहायला तीन अक्षरांची जागा जास्त लागत होती, ती मिळाली. मंजुळाबाई वाकून बघत होत्या. इतक्या वर्षांत त्यांनी त्या पुस्तकातलं पहिल्यांदाच काहीतरी वाचलं आणि सासऱ्याचं नाव दिसलं म्हणून सवयीने डोक्यावरून पदर घेतला. मुंजाबा उठला, घोंगडी झटकली, उरलेले शेंगदाणे नातीसाठी पागोट्यात बांधले. वाचनालयाचं पुस्तक पुन्हा वर्तमानपत्रात गुंडाळून काखेला मारलं. उंबऱ्यात चपला घालताना तो थांबला, वर पाहिलं. वर नुसतं पत्र्याचं छप्पर होतं.

'बरं झालं आलो ते,' तो म्हणाला. 'आता आभाळाचं बी खरं धरतो.'

आणि कन्नडची बस चुकेल म्हणून काठी आपटत भराभर निघून गेला.